शेवटचे पान कापलेले पुस्तक

गेल्या महिन्यात ठाण्याला आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या सभेत एका तसबिरीवरचा पडदा दूर सारण्यात आला. तसबीर आमच्या पुस्तक कमिटीच्या माजी चिटणिसांची. डोक्याला पागोटे, खांद्यावर उपरणे, हातात जाड पुस्तक. चार भाषणे झाली आणि चारही वक्त्यांनी सांगितले, की घरोघरच्या बायकांना शास्त्राची, म्हणजे आमच्या बायबलाची, गोडी लावणारे ते प्रश्नांचे छोटे पुस्तक या थोर गृहस्थांनी रचले. मी दुसऱ्या रांगेत होतो. टाळ्यांच्या वेळी मी हात मांडीखाली दाबून बसलो. उठून बोलावेसे फार वाटले, पण माझ्या वयाचा माणूस सभेत मध्येच उठला की त्याला बरे वाटत नाही असे समजून लोक पाणी आणून देतात.

म्हणून हे लिहितो. त्या गृहस्थांनी त्या पुस्तकातली एक ओळही लिहिली नाही. ते ज्या बाईंनी लिहिले त्या कल्याणला तळ्याजवळच्या एका कौलारू घरात मुलींची शाळा चालवीत. विधवा होत्या, बाप्तिस्मा घेतल्यापासून माहेर आणि सासर दोन्हीकडची दारे बंद झालेली. मी त्या काळी ठाण्याला मास्तर होतो आणि धर्माच्या पुराव्यांवर दोन जाड ग्रंथ लिहून बसलो होतो. त्यांपैकी एक आमच्या वर्गाची खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून तिला लावलेला असे. त्याहून मोठे कार्य त्याच्या हातून झाल्याचे मला ठाऊक नाही.

बाईंची रीत अशी. दर रविवारी प्रार्थना आटोपली, की त्या ओसरीच्या खांबाला एक पाटी टांगीत. पाटीवर शास्त्रातला एकच प्रश्न. उत्तर कोणी कोणाला सांगायचे नाही; पुस्तक उघडून शोधायचे आणि पुढच्या रविवारी बोलायचे. जिला वाचता येत नसे ती मुलीकडून वाचून घेई.

एकदा मी गेलो तेव्हा पाटीवर लिहिले होते : विहिरीवर प्रभूशी बोलून ती बाई गावात परत गेली, तेव्हा विहिरीपाशी मागे काय राहिले? शेजारची एक बाई, आमच्या धर्माची नव्हे, कुंपणापलीकडून विचारत होती.

"अहो बाई, सांगून टाका ना एकदाचं. चार दिवस झाले, डोक्यातून जात नाही."

"पुस्तक देते, शोधा."

"ते पुस्तक घरात नेलं तर आमचे हे मला पुस्तकासकट बाहेर काढतील."

"मग इथं ओसरीवर बसून वाचा. ओसरी माझी आहे."

ती आली, बसली, एकेक अक्षर जुळवीत बोट पुढे सरकवू लागली. बऱ्याच वेळाने ती एकदम ओरडली, "अगंबाई, घागर! पाणी भरायला आली आणि घागरच टाकून गेली! घरी सासूनं काय केलं असेल हो हिचं?"

मग ती स्वतःशीच म्हणाली, "पण इतकं काय ऐकलं असेल तिनं, की घागरसुद्धा सुचली नाही?"

तो अध्याय मी किती वेळा वाचला होता याची गणती नाही. त्यावर मी उपदेशही केले होते. घागर मला कधी दिसली नव्हती. ठाण्याला परत येऊन मी जेवणाआधी पुस्तक उघडले. पुराव्यासाठी नव्हे, नुसते वाचण्यासाठी उघडले, असे कित्येक वर्षांत घडले नव्हते.

हे रविवारचे प्रश्न बाईंनी एका वहीत उतरून ठेवले होते; ती वही मी पुस्तक कमिटीपुढे नेली. छापायला त्यांची एकच अट होती : उत्तरे छापायची नाहीत. कमिटीत अध्यक्ष पाद्रीसाहेब, चिटणीस, एक पेन्शनर गृहस्थ आणि मी, असे चौघे.

चिटणिसांनी वही मागून-पुढून पाहिली. "मास्तर, प्रश्न दिसतात. उत्तरं कुठं आहेत?"

"शास्त्रात."

"ते झालं हो. पण पुस्तकात?"

"पुस्तकात दिली तर शास्त्र कोण उघडील?"

"अपुरं पुस्तक छापायचं? लोक म्हणतील, कमिटीलाच उत्तरं येत नाहीत."

"येतात का?" मी विचारले आणि विहिरीचा प्रश्न वाचून दाखवला.

चिटणीस म्हणाले, "तिचं पाप मागं राहिलं." पाद्रीसाहेब डोळे मिटून म्हणाले, "तिचे भय." पेन्शनर गृहस्थ जागे होऊन म्हणाले, "तिचा नवरा." त्या अध्यायात नवऱ्यांचा विषय निघतो खरा, पण विहिरीवर त्यांपैकी एकही आलेला नव्हता.

शेवटी शास्त्र पाहायचे ठरले. शास्त्र कपाटात होते. कपाटाला कुलूप होते. किल्ली शोधण्यात पाव तास गेला. साहेबांनी त्या अध्यायातली घागरीची ओवी मोठ्याने वाचली आणि ते मनापासून हसले. मला वाटले, जिंकलो.

चिटणीस म्हणाले, "पाहिलंत? आपल्यालासुद्धा आलं नाही. म्हणूनच उत्तरं पाहिजेत." ठराव पास झाला. वर असेही ठरले, की उत्तरे मी लिहावी. न लिहिल्यास वही परत करावी.

आजही हे लिहिताना माझे कान तापतात. ज्या माणसांनी ते कपाट वर्षानुवर्षे उघडले नव्हते, त्यांनीच दुसऱ्या कोणाला ते उघडावे लागू नये अशी तजवीज केली, आणि ती माझ्या हातून करून घेतली.

वही परत नेणे माझ्याच्याने होईना. मी घरी बसून शेवटच्या पानासाठी उत्तरे लिहिली, पण प्रत्येक प्रश्नापुढे नुसता अध्याय आणि ओवीचा आकडा घातला. कमिटीने ती न वाचताच पसंत केली. कमिटी ती वाचणार नाही याबद्दल मला खात्री होती. आमच्या कमिटीवर माझा तेवढा विश्वास होता.

पुस्तक छापून आले. पाद्रीसाहेबांची प्रस्तावना जवळजवळ पुस्तकाइतकी लांब. मुखपृष्ठावर ठळक अक्षरात चिटणिसांचे नाव, 'तपासून सिद्ध केले' म्हणून. बाईंचे नाव कुठेच नाही. मी तणतणत प्रतींचा गठ्ठा घेऊन कल्याणला गेलो.

"तुमचं नाव गाळलं, बाई! नऊ वर्षांचं काम तुमचं, आणि वर नाव कोणाचं, पाहा!"

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "नाव असतं तर बायकांनी शास्त्र उघडायचं सोडून मलाच विचारलं असतं." एवढे बोलून त्यांनी शेवटचे पान उघडले. आणि मग त्यांचा चेहरा बदलला.

"हे कोणी लिहिलं, भाऊ?"

"मी. उत्तरं नाहीत हो ती, नुसते आकडे आहेत."

"ओवीपर्यंत बोट धरून नेऊन सोडलंत! ती एवढी एक ओवी वाचतील आणि पुस्तक मिटतील. शोधताना मागचं-पुढचं वाचनात येतं, म्हणून तर प्रश्न घालते मी. उत्तर काय, कुणीही सांगेल."

कमिटीवरचा माझा सगळा संताप माझ्याच पदरात आला होता. बाईंनी शिवणाची कात्री आणली. आम्ही दोघे ओसरीवर बसलो. मी एकेक प्रत उघडून धरी आणि त्या शेवटचे पान कापीत.

"आणि प्रस्तावना?" मी आशेने विचारले.

"राहू द्या ती. ती कोणी वाचत नाही."

गठ्ठा संपल्यावर त्यांनी माझ्या खिशाकडे हात केला. मी माझी प्रत दिली. तिचेही पान गेले. उत्तरांचे आकडे मीच घातले होते, तरी आता मला त्यांतला एकही आठवत नाही. तसबिरीच्या सभेहून परतलो त्या दिवशी पुस्तक हाती घेतले आणि मधलाच एक प्रश्न लागला : हरवलेले नाणे शोधायला त्या बाईने प्रथम काय केले? त्याचे उत्तर शास्त्रात शोधता शोधता मागचे दोन अध्याय आणि पुढचा एक वाचून झाला.