खोड सांगून विकलेली वानेरी

आमच्या दाजींइतका स्वतःच्या नुकसानीसाठी मनापासून झटणारा माणूस उदगीरपासून निलंग्यापर्यंत शोधून सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. राहणार देवणीजवळच्या एका खेड्यात. घरी आजा-पणज्यापासून देवणी जातीची जनावरं, त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूकडे ते बैलाकडे पाहावं तसे पाहतात. आधी लांबून, मग बाजूनं, मग पाठीवरून हात फिरवून. आक्कानं फ्रीज घेतला तेव्हा दुकानदार वॉरंटी समजावून सांगत होता आणि हे दार उघडून खालच्या कप्प्यात, दात बघावेत तसे, वाकून बघत होते. आणि विकताना त्यांचा बाणा एकच. खोड आधी सांगायची, गुण मागून. बाजारात असे लोक थोडेच असतात, त्यामुळे दाजींच्या दावणीचं जनावर आलं की गिऱ्हाईक डोळे झाकून घेतं, आणि दाजी त्याला डोळे उघडायला लावतात.

हा बाणा ते जनावरांपुरता ठेवते तर ठीक होतं. आक्काला बघायला आले तेव्हा बाबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "मुलाबद्दल काही सांगा." बरोबरच्या वडीलधाऱ्यांनी तोंड उघडायच्या आत दाजीच म्हणाले, "राग लवकर येतोय, पण जेवणाआधी उतरतोय. डाव्या कानानं कमी ऐकू येतंय. बारावीला एकदा नापास हाय." बरोबर आलेल्या चुलत्यांनी कपाळाला हात लावला. बाबा उठून आत आले आणि आईला म्हणाले, "पोरगी इथंच द्यायची. याच्यापाशी लपवायला काही शिल्लकच राहिलं नाही." पुढे दाजी स्वतः वडीलधारे झाले आणि भावकीतल्या एका सोयरिकीला मुलाकडून गेले. तिथं चहाची बशी खाली ठेवता ठेवता त्यांनी मुलीच्या बापाला सांगितलं की पोरगा सोन्यासारखा आहे, फक्त घोरतो, आणि तेही दोन खोल्या पलीकडे ऐकू येईल असं. लग्न झालं म्हणा, पण त्या घरचं आमंत्रण आक्काला बरेच दिवस आलं नाही.

दुसरी गोष्ट बाजारातल्या भावाची. खोड जेवढी उघडी, भाव तेवढा झाकलेला. आमच्याकडच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर पंचा टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं दाबून काय ते ठरवतात. बघणाऱ्याला दिसतात ती फक्त दोन गंभीर तोंडं. ही रीत दाजींच्या अंगात इतकी भिनलेली, की त्यांनी घरात कधी कुठल्या वस्तूची किंमत मोठ्यानं उच्चारली नाही. आक्कालासुद्धा पंचाखालीच सांगतात. एकदा माझ्याकडे नांदेडला आले असताना वांगी घ्यायला गेले आणि त्यांनी हातगाडीवाल्याचा हात पंचाखाली ओढला. त्यानं झटक्यानं हात सोडवला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढचे दोन महिने त्या गल्लीतून गेलो नाही.

अशा माणसाची जीप मोबाईलवरच्या लिलावात विकायचं काम माझ्यावर आलं.

जीप जुनी. मूळची पांढरी. पण एकदा बॉनेट चेपलं म्हणून दुसऱ्या गाडीचं बसवलं, ते काळं निघालं. देवणी जातीत पांढऱ्या अंगाचं आणि तोंडावर काळं असलेलं जे जनावर असतं त्याला वानेरा म्हणतात. म्हणून जीपचं नाव पडलं वानेरी. दाजींनी रंग द्यायला साफ नकार दिला. जातिवंत जनावराला कोणी रंग देतं का, असं त्यांचं म्हणणं. या वर्षी मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि गाडी चालवणं बंद केलं. दाजी सगळ्या गावाला "मला बाजूचं दिसत न्हाई" असं सांगून, म्हणजे खोड सांगून, गाडी चालवतच राहिले. शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीत वानेरी घुसली त्या दिवशी आक्काचा मला फोन आला. "तू ये, अन् ती जीप त्या मोबाईलवर विकून टाक. न्हाईतर ह्या माणसाला तरी."

मी रजा टाकून गेलो. खरं सांगायचं तर मलाही ते काम नको होतं. बाबा शेवटी आजारी पडले तेव्हा त्यांना दर आठवड्याला उदगीरहून लातूरच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. मी नांदेडला नोकरीत. रजा मिळायची तेव्हा जायचो, न मिळायची तेव्हा फोन करायचो. दाजींनी मात्र दीड वर्षात एक खेप चुकवली नाही. देवणीहून पहाटे निघायचे, उदगीरला बाबांना घ्यायचे, आणि खड्डा आला की गाडी अशी उतरवायचे की बाबांची झोप मोडायची नाही. मागून येणारे ट्रकवाले शिव्या घालायचे, त्या दाजी डाव्या कानानं ऐकायचे. त्याच दिवसांत बाबांच्या बाजूच्या दरवाजाचं कुलूप निकामी झालं. बाबा त्या दरवाजाला टेकून बसायचे, म्हणून दाजींनी गोठ्यातलं एक दावं काढलं आणि दरवाजा आवळून बांधला. बाबा गेले, पण दावं तसंच राहिलं.

लिलावाच्या त्या साइटला बारा फोटो हवे होते. बाराही फोटोंत दाजी आहेत, वेसण धरावी तसा वानेरीचा आरसा धरून. मग अर्ज भरायला बसलो. "गाडीची स्थिती" या प्रश्नापुढं मी "चांगली" निवडलं तर दाजी म्हणाले, "पाव्हणं, खोड कुठं लिव्हायची?" "इतर माहिती" नावाची एक छोटी चौकट होती. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी लिहीत गेलो. थंडीत पहिल्या चावीला उठत नाही, रागावू नये. तिसऱ्या गिअरला कुरकुरते, पण चढाला दगा देत नाही. पावसात चालवणाऱ्याच्या डाव्या पायावर पाणी गळतं. हॉर्न तिच्या मर्जीनं वाजतो. शेजारचा दरवाजा दाव्यानं बांधावा लागतो. जवळून म्हैस गेली की बंद पडते, कारण कळलेलं नाही. चौकट भरली तरी खोडी संपेनात.

लिलाव तीन दिवस चालणार होता. पहिली बोली आली आणि आकडा पडद्यावर झळकला तसा दाजींनी घाईनं पंचा काढून मोबाईलवर टाकला. "आवं, चारचौघांत भाव दाखवतेत व्हय?"

मी समजावलं, की इथं अशीच रीत आहे. आकडा सगळ्यांना दिसतो, नावं मात्र दिसत नाहीत. दाजींनी पंचा जरासा उचलून आकडा पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "बाजारात माणसाचं तोंड दिसतंय अन् भाव झाकलेला असतोय. हितं भाव उघडा अन् तोंड झाकलेलं. उलटंच की सगळं. जनावर कुणाच्या घरी चाललंय ते कळावं कसं?"

आणि मग त्यांनी जे केलं ते लिलावाच्या इतिहासात कोणी केलं नसेल. बोली वाढली की ते अस्वस्थ व्हायचे, घेणारा आंधळेपणानं चढतोय असं त्यांना वाटायचं, आणि ते मला आणखी एक खोड टाकायला लावायचे. मी ती प्रश्नोत्तरांच्या जागेत टाकायचो. सीटची एक स्प्रिंग टोचते. डिझेलचा काटा खोटं बोलतो. मी हात जोडले, "दाजी, आता लोक पळून जातील." घडलं उलटंच. एवढं सांगणारा माणूस आणखी काय लपवणार, असं लोकांना वाटलं असावं. बोली चढतच गेली, आणि दाजींची काळजीही.

दुसऱ्या दिवशी एकानं प्रश्न टाकला, "म्हैस कोणत्या बाजूने गेली की बंद पडते?" दाजी उठून बसले. "हा माणूस जनावरं पाळणारा हाय. लिव्हा, डाव्या." लगेच उत्तर आलं, "मग चालेल. आम्ही उजव्या अंगाला बांधतो." दाजी इतके खूश झाले की त्यांनी आक्काला हाक मारून ते दोनदा वाचून घेतलं. पुढं त्यानंच लिहिलं, की तो औशाकडचा आहे आणि त्याला दूध घालायला गाडी हवी आहे.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एकानं विचारलं, "पत्रा आणि इंजिन धरून वजन किती भरेल?"

दाजींच्या तोंडावरचा रंग उतरला. "वजन इचारतोय व्हय?" ते हळूच म्हणाले. "वजन कोण इचारतंय, पाव्हणं? तोडणाराच की."

संध्याकाळी लिलाव बंद झाला आणि कुठली बोली कुणाची ते मालकाला दिसलं, तेव्हा सगळ्यात वर वजनवाला होता. औशाचा माणूस त्याच्या खाली राहिला, आणि थोडाथोडका खाली नाही. साइटचा नियम असा, की मालकानं एका दिवसात मंजूर किंवा नामंजूर दाबायचं. नामंजूर केलं की खालच्याला विचारतात. आक्का म्हणाली, "जास्तीचं कामून सोडता? तुमच्या डोळ्याला औषध लागणार हाय." मलाही ते पटलं. मी बोट मंजूरवर नेलं आणि म्हणालो, "दाजी, शेवटी लोखंडच आहे ते."

दाजी चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "हाव, लोखंडच हाय. त्येलाच टेकून बाबा लातूरला जायचे."

माझं बोट आपोआप मागं आलं. आक्कानं पदर डोळ्यांना लावला आणि चहाचं निमित्त करून ती आत गेली. मी नामंजूर दाबलं.

चार दिवसांनी औशाचा माणूस बायकोला घेऊन एसटीनं आला. दाजींनी त्याला वानेरीभोवती दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि लिहिलेल्या सगळ्या खोडी पुन्हा तोंडी सांगितल्या. तोही शहाणा, प्रत्येक खोडीला मान हलवत होता. भाव मोबाईलवर ठरलेलाच होता, तरी दाजींनी पंचा पसरला. दोघं बराच वेळ बोटं दाबत उभे राहिले. खाली काय ठरलं ते मला आजही माहीत नाही, पण पंचा काढला तेव्हा तो माणूस दाजींच्या पाया पडायला वाकला, त्यावरून मी काय ते समजलो.

मग दाजी दरवाजाकडे गेले आणि दावं सोडायला लागले. आमच्याकडे जनावर देतात, दावं देत नाहीत. ते मालकाच्या दावणीला राहायला हवं. पण गाठ दीड वर्षाच्या खेपांची, शिवाय नंतरच्या उन्हापावसाची. सुटता सुटेना. मी पुढं झालो तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. शेवटी गाठ सुटली आणि दरवाजा लोंबला. आता हा माणूस औशापर्यंत जाणार कसा, असं माझ्या मनात आलं, तोवर त्याच्या बायकोनं पिशवीत हात घालून नवं कोरं दावं बाहेर काढलं. हळदकुंकू लावलेलं. "घरनंच आणलंय," ती म्हणाली. दाजींनी ते हातात घेऊन ओढून पाहिलं. मग स्वतःच्या हातानं दरवाजा बांधून दिला, आणि कुठं दोन पदरी गाठ मारायची तेही दाखवलं.

वानेरी पहिल्या चावीला उठली नाही, दुसऱ्या चावीला उठली. वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही उभे होतो. दाजींनी नेहमीसारखा पंचा पसरला आणि त्याखाली माझा हात धरला. आता भाव सांगतील म्हणून मी बोटं मोजायला तयार राहिलो. पण त्यांनी एकही बोट दाबलं नाही. बाबांचं दावं त्या हातात तसंच होतं, आणि ते माझा हात नुसता धरून उभे होते.