शेठजींच्या हौदातले डबे

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं, आणि पाठोपाठ नाकात पाणी गेल्यासारखं होतं. दोन्हींना कारण आहे.

साठ सालानंतरची गोष्ट. मी घाटंजीच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होतो. गावात कापसाची सरकी काढणारं एक जिन होतं. कापसाचा हंगाम संपला की ते बंद, पण आग विझवायला बांधलेला त्याचा मोठा हौद उन्हाळाभर भरलेला. जिनाच्या शेठजींनी मुलाच्या वाढदिवसाला त्या हौदात पोरांच्या पोहण्याची पार्टी ठरवली. शेठजी निवडणुकीला उभे राहणार होते, म्हणून मुलाच्या वर्गातली झाडून सगळी पोरं बोलावली. नव्याने बौद्ध झालेल्या वस्तीतलीसुद्धा. फोटो काढणारा यवतमाळहून येणार होता.

बंदोबस्ताची विनंती माझ्याकडे आली. मी नुसता बंदोबस्त थोडाच करणार! मी योजनाच आखली. हौदाच्या मध्यावर दोर, त्यापलीकडे कुणी जायचं नाही. चार कोपऱ्यांवर चार शिपाई, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. जेवण पोहून झाल्यावर. आणि मुख्य हुकूम असा, की पाठीला वाळका भोपळा किंवा हवाबंद डबा बांधल्याशिवाय एकही पोर पाण्यात उतरणार नाही. शेठजींच्या मुनीमजींनी मला तपासणीसाठी कचेरीत टांगलेले भोपळे दाखवले. मी एकेक वाजवून पाहिला, जणू काही बाजारात आलो होतो, आणि व्यवस्था चोख असल्याचं जाहीर केलं.

आदल्या दिवशी सकाळी तालीम घ्यायची, हीही माझीच अक्कल. शेठजींच्या पाहुण्यांची, बड्या घरची पोरं दुसऱ्या दिवशी यायची होती. तालमीला आली ती वस्तीतली. त्यांच्या पाठीला तेलाचे रिकामे डबे बांधलेले. चारपैकी एकाही शिपायाला पोहता येत नाही, हे मला तिथे कळलं.

जमादार म्हणाला, "साहेब, शिट्टी तं सगळ्याइले वाजवता येते ना जी."

थोड्या वेळाने एक आठ-नऊ वर्षांची मुलगी तिरपी झाली आणि डब्यासकट खाली गेली. चारही शिट्ट्या वाजल्या. शिट्टीने कुणी वर येत नाही. तिची आई जिनात मजुरीला होती, काठावरच उभी होती. तिने लुगड्यासकट उडी घेतली आणि वेणीला धरून पोरीला वर ओढलं. पोरगी ओकली, रडली, वाचली.

मुनीमजींनी मला बाजूला घेतलं. "साहेब, हे त्या टिनवाल्याचं काम. डबे डाग द्यायला, भोकं झाळून बुजवायला, त्याच्याकडे दिले होते. शेठजींवर त्याचा राग आहे. इलेक्शनच्या तोंडावर घातपात केला पहा."

घातपात! फौजदाराच्या कानाला याहून गोड शब्द नाही. तासाभरात मी म्हाताऱ्या टिनवाल्या चाचांना ठाण्यात बसवलं आणि टेबलावर डबा आपटला.

"हा डाग कुणी दिला?"

"साब, मेरे कू गाली दो, मेरे हाथ के काम कू मत दो. ये डब्बे मेरे दुकान में आएच नहीं."

"मुनीमजी खोटं बोलतात?"

"ते तुमचे दोस्त. तुमीच पुसा."

उद्धट उत्तर म्हणून मी त्यांना आत टाकलं. तेवढ्यात ती आई आली, लुगडं अजून ओलंच.

"साहेब, चाचाले काहून कोंडलं?"

"तपास चालू आहे, बाई."

"तपास करा. पण उद्या आमच्या पोराइले पाण्यात सोडू का नको, थे सांगा मले. या हौदातून एक घागर भरू देत नव्हते आम्हाले. पोरीले बलावलं तं म्या म्हटलं, जमाना बदलून राह्यला. पोरं आतापासून नाचून राह्यले. काय सांगू त्याइले?"

 मी ऐटीत म्हणालो, की डबे मी स्वतः तपासतो.

दुपारी दोन पंच बोलावले. मी विहिरीत वाढलेला पोहणारा, असं सगळ्यांना सांगत असे. खरं तर विहिरीच्या पायरीवर बसून पाय हलवलेले. अर्ध्या चड्डीवर, पाठीला दोन डबे बांधून, मी हौदात उतरलो. पाचेक मिनिटं मजेत तरंगलो. पंचांना चार वाक्यं कायद्याचीही ऐकवली. मग पाठ जड झाली आणि कायदा माझ्यासकट बुडाला. वरून शिट्टी ऐकू आली. मी हाताला लागेल ते, पाठीचे डबेसुद्धा, ओरबाडत होतो. शेवटी जमादाराने बांबू पुढे केला.

काठावर पडलो तेव्हा नखांत मेण होतं. डब्यांच्या बुडाला गंजून पडलेली जुनी भोकं, त्यावर मेण थापलेलं, वरून काळा रंग. उन्हाने तापलेल्या पाण्यात मेण सुटत होतं. डाग असा कुठे नव्हताच. सगळे डबे फोडून पाहिले. सगळे तसेच.

मी ओल्या चड्डीवरच मुनीमजींना समोर बोलावलं.

"भोपळे कुणाचे?"

"पाहुण्यांच्या पोरांचे."

"आणि डबे?"

"बाकीच्यांचे. साहेब, तुमचाच हुकूम होता ना, प्रत्येकाच्या पाठीला काहीतरी पाहिजे म्हणून. भोपळे पुरले नाहीत. शेठजी म्हणाले, फोटोपुरतं दिसलं पाहिजे."

"पोरं बुडाली असती!"

"ती काय, दोन मिनिटं उतरणार आणि निघणार."

इतक्या वर्षांच्या नोकरीत खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. इतक्या सहज आवाजात एवढं नीच वाक्य दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही. ही घातपाताची भानगड नव्हतीच. कुठलं पोर तरंगायचं आणि कुठलं नाही, याची ती शांतपणे केलेली वाटणी होती, आणि तिच्यावर मी फौजदारकीचा शिक्का मारला होता.

चाचांना सोडलं, माफी मागितली. ते माझ्या ओल्या केसांकडे पाहत म्हणाले, "आप डूबे, तब मालूम पडा?"

दुसऱ्या दिवशी मी शेठजींना सांगितलं, भोपळे सगळ्यांना आळीपाळीने मिळतील, नाहीतर हौद बंद. ते हसले. "फौजदारसाहेब, वस्तीतल्यांना काठावर बसवा ना. फोटो तसाही येईल." मी हललो नाही. वस्तीतल्या पोराच्या अंगचा भोपळा आपल्या पोराला बांधायचा, हे दिसताच पाहुणे आपापली पोरं घेऊन निघाले. ज्याचा वाढदिवस, त्यालाही रडत घरात नेलं. उरलेली पोरं दुपारपर्यंत हौदात धिंगाणा घालत होती. या खेपेला कोपऱ्यांवर चार पोहणारे मजूर होते आणि शिपाई पोरांना जिलेबी वाढत होते.

जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा, एवढंच कलम मला सापडलं. मुनीमजी दंडावर सुटले. शेठजींचं नाव कागदावर येऊच शकलं नाही. तोंडी हुकमाला साक्षीदार लागतो, आणि मुनीमजींनी कोर्टात जबाब फिरवला.

तेव्हापासून कुणी मला 'सगळी व्यवस्था चोख आहे' म्हणालं, की मी विचारतो, कुणासाठी? शिकलो ते एवढंच, आणि त्यासाठीही मला बुडावं लागलं.

वाढदिवसाच्या त्या दुपारी पोरीचं डोकं पुसता पुसता तिच्या आईने मला विचारलं होतं, "आज झालं साहेब. उद्यापासून पाणी भरू देतीन का?"

मी म्हणालो, "का नाही देणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गस्तीवर गेलो, तर हौदाच्या फाटकाला नवं कुलूप. शेठजी म्हणाले, कुलूप सगळ्यांसाठीच आहे. मी ठाण्यात परतून कायद्याचं पुस्तक दोनदा चाळलं. कुलूप लावणं हा गुन्हा कुठेच लिहिलेला नव्हता. परत फाटकाशी गेलो, तर ती बाई रिकामी घागर घेऊन उभी होती. मला पाहताच तिने घागर कमरेवर घेतली आणि वस्तीची वाट धरली.