खड्डेशास्त्री

गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रारीच्या खिडकीवर तो बसायचा, आणि सगळे त्याला खड्डेशास्त्री म्हणायचे. पदवी त्याने स्वतःच्या तोंडाने कमावली होती. कुणीही तडकलेलं चाक घेऊन आलं, की हा चष्मा कपाळावर ढकलणार, भेगेवरून बोट फिरवणार आणि सुतकी चेहऱ्याने सांगणार, "खड्डा! खोल असणार. खड्ड्याला वॉरंटी नसते, साहेब." समोरचा बिचारा रस्ता बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत निघून जायचा. कंपनीच्या नावाने कुणी बोटं मोडत नसे, म्हणून मॅनेजर खूश. उत्तम कर्मचाऱ्याचा कप दर वर्षी याच्याच घरी यायचा. बायको त्यात टूथब्रश ठेवायची.

नव्या मॉडेलची चाकं दिसायला देखणी होती. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! भेग पडायची ती दर वेळी एकाच जागी. खड्डेशास्त्र्याला हे दिसत नव्हतं असं नाही, पण त्याला पगारच मुळी काणाडोळा करायचा मिळत होता.

मग ताईच्या गाडीचं चाक तडकलं.

आई गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं, लोकांचे कपडे शिवून. आयुष्यातली पहिली गाडी तिने घेतली ती केवळ हा म्हणाला म्हणून. "ताई, डोळे झाकून घे," म्हणाला होता. तिने घेतली, आणि नव्याची नवलाई संपायच्या आत पुढचं चाक चिरलं. ती तडक त्याच्या घरी आली.

"खड्डा असणार," त्याच्या तोंडून सवयीने निघालंच. "खोल असणार."

"तू पाहिलास?"

आता आली का पंचाईत! इतकी वर्षं खड्ड्यांवर प्रवचनं झोडली, पण जाऊन एकही खड्डा त्याने पाहिला नव्हता.

"मग चल," ताई म्हणाली. तिला नाही म्हणायची त्याची छाती कधीच झाली नव्हती.

खड्डा बाजाराच्या वळणावर होता. खड्डा कसला, जेवणाच्या ताटाएवढी खळगी! ताईने त्याला त्या खळगीत उभं केलं. दुकानदार काम सोडून बघायला लागले. ताईने गळ्यातली टेप काढली, वाकून लावली आणि परत गळ्यात टाकली. त्याचा बूटसुद्धा बुडाला नव्हता.

"माझ्या हातची पँट पहिल्यांदा बसल्याबरोबर उसवली," ती म्हणाली, "तर मी गिऱ्हाइकाच्या बुडाला दोष देते का रे?"

एक दुकानदार फिस्सकन हसला. खड्डेशास्त्र्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चाकच कच्चं आहे, ताई," तो हळूच म्हणाला. "सगळ्यांचीच तशी आहेत."

"मला काय सांगतोस? खिडकीवर सांग."

"नोकरी जाईल गं!"

ताई गप्प झाली. लहानपणी तो खोटं बोलला की ती अशीच गप्प व्हायची, आणि मग याला घास गिळवत नसे. त्या रात्रीही गिळवला नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर चांगलीच रांग होती. रांगेत ताई होती. पायाशी चाक, चेहरा परक्यासारखा. पलीकडे मॅनेजरच्या काचेच्या केबिनचं दार सताड उघडं.

"साहेब," ताई म्हणाली, "चाक तडकलंय. बघता का?"

ते 'साहेब' त्याला मिरचीसारखं झोंबलं. त्याने चष्मा कपाळावर ढकलला. भेगेवरून बोट फिरवलं. 'खड्डा' अगदी जिभेवर आला होता, तो त्याने आवंढ्याबरोबर गिळला.

"खड्ड्याचा काही दोष नाही," तो म्हणाला. आवाज चिरकला, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मी काल त्यात उभा राहून आलोय. बूट बुडत नाही. चाकच कच्चं आहे."

रांगेतला प्रत्येकजण आपापल्या चाकाकडे बघायला लागला.

"अहो, मग माझंही?" मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि मला गेल्या खेपेला काय सांगितलंत?"

एकच गलका झाला. त्यातून मॅनेजरची हाक आली. एरवी तो लाडाने 'शास्त्रीबुवा' म्हणायचा, आज नुसतं "इकडे या".

खड्डेशास्त्री उठला. त्याने ताईकडे पाहिलं. तिने खिडकीतून हात घालून त्याची कॉलर सरळ केली, शाळेत पाठवताना करायची तशी.

"जा," ती म्हणाली. "फार खोल नसेल."