हाडांवरची गावं

परवा मनगट दुखतंय म्हणून एक्स-रे काढायला गेले. तिथल्या तरुण टेक्निशियन मुलीने स्क्रीनकडे बघत विचारलं, “काकू, हे जुनं फ्रॅक्चर कुठलं?” आणि मला एकदम कुवेतमधल्या फिंतासच्या दवाखान्यातला तो कॅनडाचा माणूस आठवला.

१९९०चा उन्हाळा. तेव्हा तिथे एक्स-रे मीच काढायचे. त्याचं बोट मोडलं होतं, तेही म्हणे बर्फावरच्या हॉकीत! बाहेर डांबर वितळत होतं आणि हा बाबा कुवेत सिटीतल्या बर्फाच्या रिंकवर मुलांना खेळ शिकवत होता.

ओली फिल्म मी उजेडासमोर धरली. तिला रसायनाचा आंबट वास येत होता. मोडलेलं बोट एकच, पण भरून आलेल्या जुन्या रेघा तीन. माझा स्वभाव चौकस, त्यामुळे राहवेना. “या कुठल्या?”

वीस वर्षं तो पोटासाठी परदेशी संघांतून खेळला होता. एकेक रेघ दाखवत तो शहरांची नावं घेऊ लागला. हेलसिंकी, व्हिएन्ना, म्युनिक. सामने कोण जिंकलं, ते मात्र त्याला आठवेना.

“आणि तुमच्या हातात?”

“एकही नाही,” मी ऐटीत म्हटलं.

दोनच महिन्यांत इराकी सैन्य घुसलं. आम्ही मिळेल त्या वाहनाने निघालो आणि जॉर्डनच्या सीमेवर ट्रकमधून उतरताना मी मनगटावर पडले. त्या कॅनडाच्या माणसाचं पुढे काय झालं, कधीच कळलं नाही.

मुलगी उत्तराची वाट बघत होती. मी स्क्रीनवरच्या रेघेवर बोट ठेवलं.

“हे ना? हे कुवेत.”