प्लगचा रंग

माझं लग्न झालं त्याच वर्षी आमच्या ह्यांच्या मोटरसायकलचं इंजिन नवं झालं. आम्हा दोघींत जास्त लाड कुणाचे झाले, ते विचारू नका.

हे दौंडला रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये कामाला. क्वार्टरमध्ये सासू-सासरे आणि आम्ही दोघं. सासरे, म्हणजे आप्पा, मालगाडीचे ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. ह्यांना वेगाचं भारी वेड. जुनी टू-स्ट्रोक गाडी इतकी पिटाळली, की एक दिवस पाटसच्या पुढं इंजिन जाम झालं आणि गाडी टेम्पोत घालून घरी आणावी लागली. दुसऱ्या कुणी ती मुकाट दुरुस्त करून घेतली असती. ह्यांनी बाजारातल्या मिस्त्रीला सांगितलं, "आता अशी बनव, की दौंडात हिच्याफुडं कोण गेलं न्हाय पायजे."

मिस्त्री पुण्यात रेसच्या गाड्यांवर काम शिकून आलेला. त्यानं सिलिंडर आतनं कातून बोअर केला, नवा पिस्टन घातला, आतल्या वाटा घासून रुंद केल्या, कार्बोरेटर मोठा बसवला. क्वार्टरसमोर आणून त्यानं किक मारली तेव्हा शेजारचं बाळ दचकून रडायला लागलं. ह्यांचा चेहरा मात्र, आमच्या लग्नातही एवढा फुलला नव्हता.

मग मिस्त्रीनं पथ्य सांगितलं. "हजार किलोमीटर व्हईस्तवर चाळीसच्या वर न्यायची न्हाई. पिस्टन आन् सिलिंडर नवे हायत, एकमेकांना घासून बसायला येळ लागतो. अधनंमधनं थांबवून गार करायची. पेट्रोलात ऑईल जरा जास्त टाकायचं. नवी सून हाय असं समजा. आल्या आल्या कामाला जुंपायची नसती."

मी तेव्हा ओट्यावर सत्यनारायणाच्या जेवणावळीची पातेली घासत होते. सासूबाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि घाईनं आत निघून गेल्या.

"आन् थांबला की प्लग काढून बघायचा," मिस्त्री पुढं म्हणाला. "चहावानी तपकिरी असला तर झकास. काळा पडला तर ऑईल जास्त हाय. राखंवानी पांढरट दिसला तर तिथंच थांबा, न्हाईतर पिस्टनला भोक पडंल."

हजार किलोमीटर काढायचे कुठं? तर दर रविवारी माझ्या माहेरी, न्हावऱ्याला. बायकोला माहेरी नेणारा जावई म्हणून ह्यांचं गावात नाव झालं. खरं कारण एवढंच, की जाऊन-येऊन अंतर बऱ्यापैकी भरायचं.

त्या पहिल्या रविवारी ह्यांचे जे हाल झाले, ते बघून मला पदर तोंडाला लावावा लागला. पाटसपर्यंत एसटी पुढं गेली, ते ठीक. चौफुल्याला जीप गेली, तेही ठीक. केडगावच्या अलीकडं दुधाच्या किटल्या लटकवलेली एक मोपेड मागनं आली. तिच्यावरचे पागोटेवाले आजोबा आमच्या बरोबरीनं चालवत थोडा वेळ निरखत राहिले.

"पावनं, पंक्चर हाय का?"

"न्हाय ओ मामा. इंजिन नवं हाय."

"आसं व्हय!" म्हणाले आणि किटल्या वाजवत पुढं निघून गेले. ह्यांचे कान मागनं लालबुंद दिसत होते.

माहेरी माझे वडील, आबा, अंगणातच उभे होते. त्यांचा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला, आता कांदा आणि चार गाई. त्यांनी घड्याळाकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, आणि शांतपणे म्हणाले, "मेंढरं घिऊन निघालो असतो तरी आतापतूर पोचलो असतो की."

परतताना पारगावच्या पुलापाशी बाभळीखाली गाडी गार करायला थांबवली. ह्यांनी फडक्यानं धरून प्लग काढला. उन्हात फिरवून फिरवून बघितला. मग माझ्यापुढं धरला.

"रंग कसला हाय गं?"

"तपकिरी."

"नक्की? हिरवट न्हाई ना?"

मी खळखळून हसले. "अहो, प्लग कधी हिरवा असतो का?"

हे हसले नाहीत. प्लग फडक्यात गुंडाळला. मग म्हणाले, "मला त्यातलं कळत न्हाई. लाल, हिरवं, तपकिरी, समदं एकात एक मिसळतं."

ड्रायव्हरच्या भरतीत लेखी नशिबानं निघाल्यावर डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं होतं. ठिपक्यांत आकडे लपलेले. ह्यांना नुसते ठिपकेच दिसले. ज्याला सिग्नलचा रंग कळत नाही, त्याच्या हातात गाडी कोण देणार? म्हणून शेडमध्ये लागले. दुसऱ्यांनी चालवायची इंजिनं हे दुरुस्त करत होते. घरी मात्र लेखीतच नापास झालो, असं सांगून टाकलं. तीन पिढ्यांत पहिला ड्रायव्हर झालेल्या बापाला डोळ्यांचं सांगायचा धीर झाला नव्हता.

मला एकदम आठवलं. बघायला आले होते तेव्हा मी चॉकलेटी साडी नेसले होते, आणि हे आपल्या बहिणीजवळ म्हणाले होते, "हिरवं पातळ चांगलं दिसत हुतं." ते माझ्या कानावर आलं तेव्हापासून माझ्या मनात अढी होती, की ह्या माणसानं मला नीट बघितलंच नाही. त्या बाभळीखाली ती अढी सुटली. पण मी बोलले ते वेगळंच. "म्हणजे परवा बाजारातनं पिकलेले म्हणून कच्चे टोमॅटो आणलेत, ते ह्यामुळंच तर!" तेव्हा कुठं हे हसले.

मग दर रविवारी मी लागायचेच. शेडमधले मित्र चिडवायचे, "बायको सोडून फिरंना गडी." हे ऐकून घ्यायचे. चाळीसच्या वेगात मागं बसून बोललेलं नीट ऐकू जातं. महिन्या-दोन महिन्यांत आम्ही जेवढं बोललो, तेवढं घरात वर्षभरात झालं नसतं.

हजार पूर्ण झाले त्या दिवशी पाटसच्या सरळ रस्त्यावर ह्यांनी विचारलं, "उतरती का? मी एकटाच दमानं बघून येतो."

"दमानं? तुम्ही? मी उतरत नाही."

पुढचं मला फार सांगता येणार नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते. एवढं आठवतं, की मी आधी किंचाळले, मग देवाचं नाव घेतलं, आणि मग कशी कोण जाणे, हसायला लागले. मोपेडवाले असे किती मागं पडले, बघायचं राहूनच गेलं.

थांबल्यावर प्लग काढला. हे खुशीत होते. "झकास! फिक्कट तपकिरी."

"तपकिरी कुठला? चुलीतल्या राखेसारखा पडलाय!"

गाडी तिथनं ढकलत आणि टेम्पो मिळाल्यावर टेम्पोत घालून थेट मिस्त्रीकडं नेली. त्यानं प्लग बघून कपाळावर हात मारला. वेगात इंजिनाला पेट्रोल कमी पडत होतं. अजून थोडं पळवलं असतं तर पिस्टन गेलाच होता. "एवढं पांढरंफेक तुमाला दिसलं न्हाई?" असं त्यानं खवळून विचारलं, आणि ह्यांनी, काय वाटलं कोण जाणे, खरं ते सांगून टाकलं.

मिस्त्रीला इंजिनांच्या आवाजात राहून ऐकू कमी यायचं. "काय? रंग दिसत न्हाईत?" तो बाजारभर ऐकू जाईल असा ओरडला. "लाल-हिरवं कळत न्हाई म्हंता? म्हनून डायवर न्हाई झाला?"

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी क्वार्टरमध्ये पोचली होती. आप्पा जेवायला बसले होते. भाकरी मोडली. मग म्हणाले, "अभ्यास केला न्हाई म्हनून इतकी वर्सं तुला बोलतोय मी. एकदा तरी सांगायचं, की डोळ्याचा दोष हाय, म्हनून."

हे ताटाकडं बघत म्हणाले, "अभ्यास पन केलाच नव्हता आप्पा."

सासूबाईंच्या हातातलं कालवण सांडलं. आप्पांना ठसका लागला. तो ठसका नव्हे, हसणं आहे, हे मला बऱ्याच वेळानं कळलं.