बारावी नोंद: आकाशातला जाळ

मार्चचा शेवटचा शनिवार, संध्याकाळी सव्वासात. ठिकाण: मुकुंदवाडीतल्या आमच्या घराची गच्ची. हजर: माझे वडील, म्हणजे अण्णा, आणि मी. आम्हाला भेटायला आलेले दादा आणि वहिनी खाली हॉलमध्ये चहा घेत होते. गच्चीवर आम्ही दोघंच होतो, हे आधीच लिहून ठेवते.

त्या दिवशी एक गोष्ट ठरायची होती. अण्णांनी फर्दापूरला परत जाऊन एकटं राहायचं की नाही. आई गेल्यापासून तीन महिने ते माझ्याकडे होते आणि रोज परत जायचं म्हणत होते. लेण्यांच्या वाटेवर त्यांनी आयुष्यभर पर्यटकांना रंगीत दगड विकले; त्यांची माणसं सगळी तिथंच. डॉक्टर म्हणाले होते, काय विसरतात, काय भलतं बोलतात ते लिहून आणा. लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. अकरा नोंदी झाल्या होत्या. गॅस चालू राहिला, ही खरी. दूध दोनदा आणलं, हीही. मला आत्याच्या नावानं हाक मारली, ही मी जरा ओढूनताणून घातली होती. घाईत मीही मुलांना एकमेकांच्या नावानं हाका मारते.

मी दोरीवरचे कपडे काढत होते, अण्णा टाकीला टेकून उभे होते. एकदम फरशी उजळली. दौलताबादच्या बाजूनं एक हिरवट पांढरा गोळा निघाला आणि चिकलठाण्याकडे सरकत गेला. दोरीवरच्या चादरीची सावली गच्चीभर फिरली. शेवटी गोळ्याचे तीन-चार नारिंगी तुकडे झाले आणि विझले. माझ्या हातातले चिमटे खाली सांडले होते. अण्णांनीच वाकून ते गोळा केले आणि माझ्या हातात दिले.

"बघितलंस का गं? लई मोठा! दगड हाय त्यो. कुठंतरी रानात पडला आसंल. सकाळीच जाऊन हुडकतो."

मी म्हटलं, "चला खाली, चहा गार होतोय."

खाली त्यांनी हातवारे करून दादाला सगळं सांगितलं. दादा हसला. "अण्णा, विमान असेल ते. विमानतळ कुठं लांब आहे आपल्याला?"

"इमान मला कळत नाय व्हय? हिला इचार. ही हुती की तिथं."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. पुढ्यात वही उघडी होती. खरं सांगितलं असतं तर अण्णा सोमवारी फर्दापूरच्या एसटीत बसले असते आणि इकडे माझा जीव टांगणीला लागला असता. हे कारण मी स्वतःला अजून देते. पण त्या क्षणी डोक्यात वेगळंच होतं: यादीत एखादी ठळक गोष्ट कमी होती, ती आयती मिळाली.

"मी कपडे काढत होते," मी म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."

वहिनी हळूच म्हणाली, "लिहून ठेवा वन्सं."

मी लिहिलं. बारा: आकाशातून जाळ गेला म्हणतात. दगड शोधायला निघणार म्हणतात. अक्षर नेहमीसारखंच नीट आलं.

अण्णांनी शर्टाच्या खिशातून फर्दापूरच्या घराची किल्ली काढली आणि माझ्या वहीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या ग्रुपवर कुणाच्या तरी कॅमेऱ्यातली क्लिप आली. दादाचा फोन आला. "अगं, म्हातारा खरं बोलत होता की!" मग हसून, "पण बाकीच्या अकरा आहेतच."

मी क्लिप अण्णांना दाखवली. त्यांनी दोनदा पाहिली.

"व्हय, ह्योच. तुला दिसला का?"

"आत्ता दिसला ना, क्लिपमध्ये," मी म्हणाले. तेव्हाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना विचारलं, भास होतात का, नसलेलं काही दिसतं का. अण्णा म्हणाले, "मला काय दिसतं ते हिला इचारा." त्यानंतर त्यांनी फर्दापूरचं नाव काढलेलं नाही. गच्चीवरही येत नाहीत.

किल्ली माझ्या कपाटात आहे. दर रविवारी मी आठवड्याच्या कामांची नवी यादी करते. झालेलं खोडते, राहिलेलं पुढच्या पानावर उतरवते. टाकी धुवून घेणे, सिलिंडर लावणे, अण्णांच्या गोळ्या. त्याखालची एक ओळ अजून एकदाही खोडलेली नाही: अण्णांना सांगणे, मीही पाहिला होता.