आखाजीपर्यंतची पट्टी

जखम लवकर भरावी म्हणून नर्स धडपडते. जखम भरू नये म्हणून मनातल्या मनात देवाची आळवणी करणारी नर्स मी एकच पाहिली, आणि ती म्हणजे मी. देवानं ऐकलं नाही. लहान मुलांची कातडी फार लवकर भरते आणि त्यापुढे त्याचंही काही चालत नसावं.

मी तेव्हा नंदुरबारकडच्या एका बाजाराच्या गावी दवाखान्यात नोकरीला होते. त्या मुलखाला पश्चिम खानदेश म्हणत आणि सगळे मोठे साहेब धुळ्याला बसत. आमच्याकडे एक डॉक्टर, एक कंपाउंडर, मी आणि मोजक्या खाटा. डॉक्टर कोकणातले, भला माणूस. गावात त्यांना सगळे देवमाणूस म्हणत. मी म्हणे, देवासारखेच आहेत खरे, सगळं बघतात आणि गप्प बसतात. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हटलेलं आहे. ते तपकीर ओढून हसत आणि पुढचा रोगी आत बोलावत.

मुलं आमच्याकडे ताप, हगवण, विंचू अशी कारणं घेऊन येत. पण अंगावरचा कपडा बाजूला केला की कधी कधी दुसरंच काही दिसे. पाठीवर वळ असत, मनगटाला दोरीच्या खुणा असत. पुण्याला आम्हाला पट्टी बांधायला शिकवलं होतं, पण मुकं झालेलं पोर बोलतं कसं करायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. ते मी चुकतमाकत शिकले. पोराला काही विचारायचं नाही, त्याच्या हाताला काम द्यायचं आणि आपण त्याच्याकडे पाठ करून बसायचं. समोर तोंड असलं की ती घाबरतात, पाठीशी मात्र बोलतात. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागे.

ती मुलगी माघात आली. दहाएक वर्षांची असेल. नऊवारीसारखं काहीतरी अंगाभोवती गुंडाळलेलं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता आणि त्यात घाण होऊन पू झाला होता. ताप इतका होता की तिला गाडीतून उचलूनच आणावं लागलं. सोबत सासू होती. म्हणाली, चुलीवर पडली. डॉक्टरांनी मुलीला विचारलं, तेव्हा तीही म्हणाली, "चुल्हावर पडनी." पण चुलीवर पडलेला हात असा भाजत नाही. तिच्या हातावर सरळ पट्टे होते, जोडीजोडीनं, चिमट्याच्या दोन पात्यांसारखे. डॉक्टरांनी ते पाहिले, मी पाहिले, आणि आम्ही पाहिल्याचं सासूनंही पाहिलं.

पहिले काही दिवस ती खाटेवर झोपलीच नाही, खाटेखाली झोपली. भाकरी दिली की अर्धी खाई आणि अर्धी उशाखाली लपवी. कंपाउंडरनं उकळत्या पाण्यातली हत्यारं चिमट्यानं काढली तर मुलगी भीतीनं लुगड्यातच लघवी करी, म्हणून ते काम मी मागच्या पडवीत न्यायला लावलं. कंपाउंडर कुरकुरला. त्याला मी असं काही सुनावलं की पुढे आठवडाभर तो मला नमस्कार करत होता.

मग मी तिला धुतलेल्या पट्ट्या गुंडाळायला दिल्या आणि तिच्याकडे पाठ करून बसले. डाव्या हातानं, पायाच्या अंगठ्याखाली टोक दाबून, ती फार सफाईनं गुंडाळायची. खूप दिवसांनी माझ्या पाठीमागून आवाज आला, "दूध उतू गयं व्हतं." मी मान वळवली नाही. नुसतं "हं" म्हटलं. तिनं पुढची पट्टी घेतली. त्यानंतर ती रोज थोडं थोडं बोलू लागली.

बोलायची ते एकाच गोष्टीबद्दल. आखाजी. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात आणि सासुरवाशिणीला सगळं वर्ष एकीकडे नि तो सण एकीकडे. माहेरून भाऊ नाहीतर चुलता गाडी घेऊन न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणायचं. मुराळी आला की सासरच्यांनी तिला धाडायची, अशी रीत. मग गौराई मांडायची, झाडाला झोके बांधायचे आणि गळा बसेपर्यंत गाणी म्हणायची. या मुलीची लग्नानंतरची ती पहिलीच आखाजी. कुठल्या झाडाला झोका बांधायचा, कुठल्या मैत्रिणीला आधी भेटायचं, सगळं तिचं ठरलेलं होतं.

मी डॉक्टरांना म्हटलं, "ही पोर परत त्या घरी गेली तर पुढच्या खेपेला आपल्याकडे येणार नाही, मसणात जाईल. तिच्या बापाला बोलवा."

बापाला निरोप गेला. तो ब्राह्मणपुरीकडचा शेतकरी, खाऊनपिऊन सुखी. आला, मुलीचा हात बघितला आणि पडवीत जाऊन तोंडावर पागोट्याचं टोक धरून रडला. त्याला काळीज नव्हतं असं मला म्हणता येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. मी म्हटलं, आज गाडी आणली आहे ना, घेऊन जा तिला.

तो म्हणाला, "बाई, आते कशी लई जाऊ? मुराळी नही, सन नही. लोके म्हनतीन, पोर सासरथीन पळी उनी. ते तिले टाकी दितीन. मन्ह्या आखो दोन पोरी शेतस, त्यासले कोन करी?"

"पळून आली म्हणतील, उरलेल्या दोघींना कुणी करणार नाही. आणि ही मेली तर?"

त्यानं पागोटं सारखं केलं. मग म्हणाला, "आखाजीले भाऊले धाडस. एक डाव घर उनी, का मंग मी तिले दुखणं सांगीसन ठी लिसू. तठलोंग संभाळा, बाई."

म्हणजे सगळा प्रश्न आखाजीपर्यंतचा होता. रीतीनं माहेरी आली की आजाराचं निमित्त करून तो तिला ठेवून घेणार होता. एकदा ठेवली की दोनचार वर्षं निघतील, मोठी होईल, हातपाय चालवायला शिकेल. फार नव्हतं ते, पण तेवढं होतं. सातपुड्यातल्या भिलांना आम्ही सपाटीवरचे लोक अडाणी म्हणतो. त्यांची मुलगी सासरी मार पडला तर उठते आणि बापाच्या झोपडीत येऊन बसते, मग पंच बसतात, भांडण होतं आणि मिटतं. आमच्या शहाण्या लोकांना मात्र मुलगी घरात घ्यायला सण लागतो. हे मी बापालाही बोलून दाखवलं. तो बिचारा "हा बाई, हा बाई" करत निघून गेला.

डॉक्टर म्हणाले, "जखम आहे तोवर मी ठेवू शकतो. जखम भरलेला रोगी खाटेवर ठेवला आणि धुळ्याहून साहेब आले तर काय सांगू?"

मी म्हटलं, "पट्टी बांधलेली असली की साहेब सोडून बघत नाहीत. आजवर कुठल्या साहेबानं पट्टीला हात लावलाय?"

त्यांनी तपकिरीची डबी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. शेवटी म्हणाले, "बांधा."

त्या माणसानं नोकरीत केलेलं एवढंच धाडस मला माहीत आहे, आणि त्याबद्दल मी त्यांना पुढे कधी टोचून बोलले नाही.

होळी आली आणि गेली. हात भरत आला. पू गेला, लाल मांस वर आलं, कडांनी कातडी सरकत सरकत मधोमध मिळाली. एरवी अशी जखम भरली की मी चार जणांना दाखवली असती. आता मी ती सकाळी दार लावून धुवायची, तेल लावायची आणि धडधाकट हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी गुंडाळायची. मुलीला सगळं कळत होतं. पट्टी बांधताना ती मला टोक धरून द्यायची. आता ती खाटेवर झोपत होती. वजन वाढलं होतं. एकदा तर कंपाउंडरच्या चालण्याची नक्कल करून दाखवली तिनं, आणि मी हसले तर स्वतःच दचकून गप्प झाली, मग पुन्हा केली.

सासू दर बाजाराला यायची. हातात कधी काही नसायचं. दारात उभी राहून सुनेकडे बघायची, पट्टीकडे बघायची आणि जायची. तिचं तोंड वाईट होतं असंही नाही. चारचौघींसारखी बाई, कामानं वाळलेली. चैत्रातल्या एका बाजाराला ती आत आली आणि सुनेच्या खाटेवर बसली. डॉक्टर तिथंच होते. तिनं त्यांना काही विचारलं नाही. सुनेचा हात मांडीवर घेतला आणि पट्टी सोडायला लागली. मी म्हटलं, हात लावू नका, जखम ओली आहे. ती म्हणाली, "ओली शे ते देखू द्या."

पट्टी सुटली. आतला हात स्वच्छ निघाला, नव्या कातडीचा, गुलाबी.

"घाव ते भरी गया," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आते कसाले पट्टी बांधतस, बाई? घरमा काम पडेल शे."

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते म्हणाले, "भरलाय." दुसरं काय म्हणणार होते? हात समोर होता.

मुलगी रडली नाही. तिनं आपलं लुगडं नीट केलं आणि मला हळूच विचारलं, "आखाजीले आते थोडाच रोज ऱ्हायनात ना?" मी म्हटलं, "थोडेच." ती निघाली तेव्हा मला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. थोडेच दिवस होते, मुराळी ठरलेला होता, बापानं शब्द दिला होता. तेवढे दिवस काढेल, असं मी धरून चालले.

आखाजीच्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या लिंबाला मुलींनी झोके बांधले होते आणि दिवसभर गाणी चालली होती. मी खुशीत होते. ती या वेळी आपल्या माहेरच्या झाडाखाली असेल, असं धरून मी दुपारी छान झोपलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला. मोठा, लग्न झालेला भाऊ. बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा, गाडीत गोधडी अंथरलेली आणि गाडी रिकामी. आखाजीच्या आधीच तो सारंगखेड्याजवळ तापी उतरून रीतीप्रमाणे बहिणीला आणायला गेला होता. सासरच्यांनी त्याला जेवू घातलं, पान दिलं आणि सांगितलं, "दवाखानामा बठी बठी खादं, तेच तिन्हं माहेर व्हई गयं. आते पुढली आखाजीले या." एवढे दिवस सून कामाशिवाय घराबाहेर राहिली, ते दिवस माहेरपणात धरले. भावकीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर त्यांनाही ते बरोबरच वाटलं. भाऊ एका नातलगाकडे राहून विनवण्या करत होता, पण त्यांनी ऐकलं नाही. सण असाच गेला.

"तुम्ही भांडला नाहीत?" मी विचारलं.

"कसा भांडू, बाई? त्यासनं बी खरं शे. ऱ्हायनीच ना ती आठे."

मला त्याला मारावंसं वाटलं. त्याऐवजी मी बैलांना पाणी पाजायला सांगितलं. तो गेल्यावर मी तिच्या खाटेवर जाऊन बसले. तिथं आता मुदतीच्या तापाची एक म्हातारी होती. तिनं पाय आखडून मला जागा करून दिली.

पावसाळ्यात तिच्या सासरच्या गावातून एका बाळंतिणीसाठी बोलावणं घेऊन गाडी आली. बाळंतपण लवकर आटोपलं आणि मी थेट त्या घरी गेले. सासूनं पाट मांडला, पाणी दिलं. मुलगी ओसरीच्या कडेला भांडी घासत होती. मला बघून तिनं उजवा हात पदराखाली घेतला. मी उठून पदर बाजूला केला. जुन्या गुलाबी कातडीवरच नवे पट्टे होते, जोडीनं, आणि एका पट्ट्यात पाणी धरलं होतं.

मी सासूकडे वळले. म्हटलं, ही माझ्याबरोबर येणार, आत्ता, याच गाडीतून. सासू अडवेल, शिव्या देईल, मग मी फौजदाराचं नाव घेईन, असं मी मनात जुळवून ठेवलं होतं. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"लई जा ना, बाई," ती म्हणाली. "आम्ही कोठे नही म्हनतस?"

मी मुलीचा हात धरला. ती जागची हलली नाही. मी ओढलं तर तिनं दुसऱ्या हातानं खांब धरला. माझ्याकडे न बघता, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बाई, माले दवाखानामा नका लई जाऊ. मन्ही पुढली आखाजीबी जाई."

मी तिला समजावलं. तसं होणार नाही, मी होऊ देणार नाही, असं म्हटलं. ती ऐकत होती आणि खांब सोडत नव्हती. माझ्या बोलण्यावर तिनं विश्वास ठेवावा असं माझ्याकडे काही नव्हतं. शेवटी तिथंच ओसरीवर बसून मी हात धुतला, मलम लावलं, पट्टी बांधली. या वेळी टोक धरून द्यायला तिनं हात पुढे केला नाही.

निघताना मलमाची डबी मी तिच्या हातात ठेवली आणि रोज लावायला सांगितलं. तिनं मान हलवली, डबी सासूच्या हातात दिली आणि पुन्हा भांड्यांपाशी जाऊन बसली.